सरांची लेन्स ठरतेय

जुलैतला रविवार, सकाळचे सहा. रात्रभर पडूनही पाऊस थकलेला नाही. कांग नदीचं पाणी चहाच्या रंगाचं झालंय. जामनेरच्या पुलाच्या कठड्यापाशी एक माणूस उभा आहे. डोक्यावर काही नाही, केसांतलं पाणी निथळून चष्म्यावर येतंय. छत्री आहे, पण ती पोटाशी तिरकी धरलेली. तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं छातीशी कवटाळलेलं. दूधवाला मोटरसायकल हळू करतो आणि काळजीने विचारतो, "काय सर, पोरगं आजारी हाये का?"

पोरगं नाही, कॅमेरा आहे. पोरगं घरी गाढ झोपलंय आणि त्याची प्रकृती उत्तम आहे.

गावात त्यांना लेन्सवाले सर म्हणतात. असे सर एकट्या जामनेरातच आहेत असं नाही. चोपड्यात ते मेडिकल दुकान चालवतात, शिरपुरात बँकेत असतात, पाचोऱ्यात विम्याचे हप्ते गोळा करतात. जामनेरात ते हायस्कुलात गणित शिकवतात, एवढाच फरक. पाच खिशांचं मळकट हिरवं जाकीट, गळ्यात दुर्बीण, गाडीच्या डिकीत पक्ष्यांचं पुस्तक आणि शेंगदाण्याची पुडी, ही ओळख सगळीकडे सारखीच. दुसरी ओळख म्हणजे यातला कुणीही कधी पक्षी 'पाहत' नाही. त्याला पक्षी 'मिळतो'. "नवरंग मिळाला का?" "मिळाला, पण लाइट नव्हता." पक्षी नीट मिळाला नाही तर जो फोटो येतो त्याला ही मंडळी रेकॉर्ड शॉट म्हणतात. रेकॉर्ड शॉट म्हणजे ज्यात पक्षी आहे हे फक्त फोटो काढणाऱ्याला माहीत असतं. सरांकडे असे रेकॉर्ड काही हजार आहेत.

आणि हे सगळे रेकॉर्ड एकाच कारणामुळे झालेत. सरांची लेन्स अजून ठरलेली नाही.

त्यांच्याकडे लेन्स नाही असं नाही. सेकंडहँड घेतलेला एक जुना कॅमेरा आहे आणि त्यावर 70-300 मिलिमीटरची लेन्स आहे. पण ती 'तात्पुरती' आहे. खरी लेन्स यायची आहे. 2015 साली निकॉनची 200-500 बाजारात आली तेव्हा सर जवळजवळ ठरवूनच बसले होते. पैसेही बाजूला काढले होते. मग कुणीतरी म्हणालं, तिचं वजन सव्वादोन किलोच्या पुढे आहे, हातात धरून उडता पक्षी जमत नाही. सर थांबले. मग सिग्माची 150-600 पाहिली, तिच्यात पुन्हा दोन प्रकार. पहिली दोन किलोच्या आतली, दुसरी पावणेतीन किलोच्या वरची. जडवाली पावसाला जास्त टिकते, हलकी खांद्याला जास्त मानवते. सर थांबले. 2018 साली निकॉनचा पी-1000 आला. लेन्स बदलायची कटकटच नाही, झूम थेट 3000 मिलिमीटरच्या बरोबरीचा, चंद्रावरचे खड्डे दिसतात. सर हरखले. मग त्यांनी त्याचा सेन्सर किती मोठा आहे ते वाचलं. तो करंगळीच्या नखाहून लहान निघाला. उन्हात बरा, पण ढगाळ सकाळी फोटोत पक्ष्यापेक्षा रवाच जास्त. सर थांबले. 2019ला सोनीची 200-600, 2022ला कॅननचा आर-7, 2023ला निकॉनची 180-600. दर वेळी सर म्हणाले, "आता घेतलंच समजा." दर वेळी पुढचं मॉडेल येणार असल्याची बातमी आली.

सरांसारखंच गावही थांबलंय. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, म्हणजे सगळ्यांची लाडकी पीजे, 2020 मध्ये थांबली आणि ब्रॉडगेजची वाट पाहू लागली. गावातले टवाळ लोक म्हणतात, दोन्ही एकाच दिवशी येतील. ब्रॉडगेजवरची पहिली गाडी आणि तिच्या डब्यातून सरांची लेन्स.

या सगळ्याची एक वही आहे. दोनशे पानी, शाळेच्या स्टेशनरीतली नाही, स्वतःच्या पैशांची (सर या बाबतीत कडक आहेत). तिच्या उजव्या पानांवर रकाने आखलेत: वजन, किंमत, छिद्र, पाऊस, सेकंडहँड भाव, शेरा. 'पाऊस' या रकान्यात चालेल, चालेल पण, चालणार नाही, असे तीनच पर्याय. वही चाळताना लक्षात येतं की 'चालेल पण' सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय.

किमतीच्या रकान्यात रुपये नाहीत, क्विंटल आहेत. सरांची वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू जमीन नेरीच्या बाजूला आहे आणि तिच्यात कपाशी असते. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26चा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. लाखाची लेन्स म्हणजे सव्वाबारा क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल निघाला तर दोन-अडीच एकरांचं पीक लेन्समध्ये. त्यात बियाणं, फवारणी आणि वेचणीची मजुरी धरलेली नाही. व्यावसायिक लोक वापरतात ती 600 एफ-4 कित्येक लाखांच्या घरात जाते. ते गणित सरांनी एकदाच केलं, आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय.

एफ-4 आणि एफ-6.3 या छिद्रांतला फरक सर पोरांना वर्गातसुद्धा समजावून देतात, अपूर्णांकाच्या धड्यात. सहा पूर्णांक तीन दशांशला चाराने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा: जवळजवळ अडीच. म्हणजे महागडी लेन्स त्याच वेळात अडीच पट उजेड आत घेते. पावसाळ्यात सकाळी आठला उजेड संध्याकाळच्या दिवेलागणीसारखा असतो. अशा वेळी स्वस्त लेन्सवाल्याला सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, 6400 लावावी लागते, महागड्यावाल्याचं 2500वर भागतं. एकाच्या फोटोत चातकाची पिसं दिसतात, दुसऱ्याच्यात चातकाच्या आकाराची रांगोळी. पोरांना हे गणित पाठ झालंय. परीक्षेत ते कधी येत नाही, ही सरांची खंत आहे.

लेन्सपेक्षा मोठी अडचण माउंटची. कॅमेऱ्याचं तोंड ज्या कंपनीचं, लेन्सचं बूड त्याच बेताचं लागतं. सर याला सोयरीक म्हणतात. एकदा मुलगी एका घराण्यात दिली की पुढची सगळी देणीघेणी त्याच घराण्याशी. मधे अडॅप्टर नावाचा मध्यस्थ बसवता येतो, पण मध्यस्थाचं जसं असतं तसंच. जमलं तर छान, नाहीतर ऐन वेळी फोकस रुसून बसतो. जिल्ह्यातल्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये यावरून घराणी पडली आहेत. कॅननवाले निकॉनवाल्यांच्या फोटोला नुसता अंगठा देतात, हात जोडत नाहीत. सोनीवाले स्वतःचेच फोटो पुन्हा टाकतात. सर सगळ्यांना हात जोडतात, कारण उद्या कुठल्या घरात सोयरीक जुळेल सांगता येत नाही.

बाहेरगावचा कुणी 'वाईट हवामान' म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे पाऊस येतो. खानदेशात तसं नाही. इथलं खरं वाईट हवामान एप्रिल-मे महिन्यात असतं. पारा 45च्या वर गेला की जळगाव-भुसावळची नावं बातम्यांत झळकतात आणि काळी माती तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा थरथरत वर जाते, आणि त्या थरथरीतून पाहिलेली कुठलीही वस्तू पाण्यात हलताना दिसावी तशी दिसते. शंभर मीटरवरची टिटवी लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिली तर टिटवीची आजी दिसते.

सरांनी हे स्वतः भोगलंय. एका मे महिन्यात जळगावच्या मित्राने त्यांना दोन लेन्स तपासायला दिल्या. सर वाघूरच्या कोरड्या पात्रात भर दुपारी गेले, डोक्याला उपरणं बांधून, पिशवीत कांदा ठेवून. एकाच टिटवीचे दोन्ही लेन्सनी चाळीस-चाळीस फोटो काढले. एकही धड नाही. वहीत दोन्ही लेन्सपुढे लाल फुली पडली. आठवडाभराने गणिताच्या माणसाला शंका आली म्हणून ते पहाटे साडेपाचला पुन्हा गेले. तीच टिटवी (निदान तशीच दुसरी), त्याच लेन्स. दोन्हींतून टिटवीच्या चोचीचं काळं टोकही स्वच्छ. लेन्सचा काही दोष नव्हता, हवा हलत होती. लाल फुल्यांवर खोडरबर चाललं नाही, म्हणून त्यांनी शेजारी लिहिलं: 'दोन्ही समान'. म्हणजे निर्णय जिथे होता तिथेच राहिला. मित्र लेन्स घेऊन गेला.

हिवाळ्यात त्यांचा मुक्काम हतनूरच्या पाण्यावर. भुसावळजवळ तापीवर 41 दरवाजांचं हे धरण आहे. त्याचा फुगवटा चांगदेवपाशी तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत पसरलाय. नोव्हेंबरपासून तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी उत्तरेची पाहुणेमंडळी उतरतात. पहाटे पाण्यावर धुकं असतं. सर गाडीच्या काचा बंद करून, आतून गरम होऊन तिथे पोचतात, दार उघडतात, कॅमेरा बाहेर काढतात आणि गार लेन्सवर वाफ धरते की उलट गरम लेन्सवर, याचा विचार करत उभे राहतात. खरं उत्तर गार लेन्सवर असं आहे, आणि तो त्रास पावसाळ्यातला. एसीतून गार झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव जमतं, गार पाण्याच्या तांब्यावर जमतं तसं. ते पुसायचं नसतं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. सर हिवाळ्यातही थांबतात. चक्रवाक थांबत नाहीत.

त्यांच्या घरातलं खरं रणांगण स्वयंपाकघरात आहे. खानदेशात उन्हाळ्यात बिबडे करतात, ज्वारीच्या पिठाचे. ते वर्षभर कुरकुरीत राहावेत म्हणून घट्ट झाकणाचा डबा लागतो. लेन्सलाही घट्ट झाकणाचाच डबा लागतो, कारण पावसाळ्यात हवेतल्या ओलीने काचेच्या आत बुरशी धरते. सुरुवातीला एखादा ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. एकदा धरली की ती काचेवरचा मुलामाही खाते. शहरात यासाठी आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवणारी विजेची कपाटं मिळतात. सरांनी त्या कपाटाचाही एक रकाना आखलाय. तोवर बिबड्यांच्या डब्यात लेन्स.

"अहो, बिबडे कुठे ठेवू मी?" मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, हा प्रश्न दर जूनमध्ये विचारतात.

"परातीत."

"परातीत बिबडे नरमतात."

"मग लेन्सवाल्या डब्यातच ठेव. सिलिका जेल आहेच."

डब्याच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्यांचा थर आहे. सर त्या जमवतात. नवा बूट, नवी पाण्याची बाटली, शेजाऱ्यांकडे आलेला टीव्ही, औषधाच्या डब्या, जिथे पुडी दिसेल तिथे हात पुढे. काही पुड्यांतले मणी निळे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात, तव्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे. भाकरीच्या तव्यावर निळे मणी तापताना पाहिल्यावर मॅडमनी सरांसाठी वेगळा तवा आणला. पक्षीछायाचित्रणासाठी या घरात विनाचर्चा झालेली ही एकमेव खरेदी.

कॅमेऱ्याच्या वेडात खानदेशात काही ऐतिहासिक घडलंय का, असं सरांना विचारू नये. विचारलं तर चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो. त्यांची आवडती गोष्ट रानपिंगळ्याची. अ‍ॅलन ह्यूमने 1873 मध्ये या छोट्या घुबडाला नाव दिलं. जगातल्या संग्रहालयांत त्याचे मोजून सात नमुने, त्यातले बरेचसे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या बाजूने जमवलेले. 1884 नंतर पक्षी गायब. मधे रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या कर्नलने आपण 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला एक मिळवला असं सांगितलं. पुढे उघड झालं की तो नमुना त्याने लंडनच्या संग्रहालयातूनच उचलला होता, नव्याने भरला होता आणि वर खोटी चिठ्ठी चिकटवली होती. इथे सर बोट वर करतात: "म्हणजे रेकॉर्ड शॉटवर तारीख-ठिकाण खोटं घालायची परंपरा ग्रुपवाल्यांनी सुरू केलेली नाही." ही लबाडी ध्यानात आल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी 1997च्या नोव्हेंबरात खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या. 113 वर्षांनी रानपिंगळा शहाद्याजवळ दिसला. बसलेला, दिवसाढवळ्या, निवांत. त्यांनी फोटो आणि चित्रीकरण केलं. जगभर बातमी झाली. पुढे तो यावल, मेळघाट आणि इतरही जंगलांत सापडला.

सरांचा या गोष्टीतला प्रश्न मात्र एकच असतो. त्यांच्याकडे लेन्स कोणती होती?

त्यांनी बरंच शोधलं. त्या तिघांनी घुबडाच्या शेपटीवरचे पट्टे मोजले, पायांवरची पिसं लिहून ठेवली, लेन्सचं कौतुक कुठे फार केलेलं दिसलं नाही. सरांना हे जरा खटकलं. त्यापेक्षा त्यांना मद्रासचे निसर्गछायाचित्रकार एम. कृष्णन जवळचे वाटतात. त्यांनी निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून स्वतःचा एक अवजड कॅमेरा बनवला होता आणि त्याला 'सुपर पॉन्डेरोसा' असं नावही दिलं होतं. किंवा सिंगापूरचे लोके वान थो. थिएटरांचा धंदा, सलीम अलींशी दोस्ती, आणि पक्ष्यांच्या फोटोंसाठी लागेल ती सामग्री. सर त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा आवाज थोडा खाली येतो, लग्नात श्रीमंत पाहुण्याबद्दल बोलताना येतो तसा.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, या माणसाला पक्ष्यांचं काही कळत नाही. इथेच घोटाळा आहे. सरांना पक्ष्यांचं फार कळतं. पाऊस पडताना पक्षी अंग सडपातळ करून ताठ बसतो म्हणजे पाणी घसरून जातं, आणि खरा फोटो पाऊस थांबल्याच्या पुढच्या दहा मिनिटांत असतो, कारण तेव्हा तो पिसं झटकतो, पसरतो, चोचीने तेल लावत बसतो, हे त्यांनीच ग्रुपला शिकवलं. काळ्या ढगापुढचा बगळा कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडला तर चुन्याचा गोळा होतो, उजेड एक घर कमी करावा लागतो. पांढुरक्या आभाळापुढचा कोतवाल कोळसा होतो, तिथे एक घर वाढवावं लागतं. पावसाच्या धारा फोटोत दिसायच्या तर मागे गर्द झाडी हवी आणि शटर साठाव्या हिश्श्यावर. थेंब गोठवायचे तर दोन हजाराव्यावर. नवरंगाच्या घरट्याचा पत्ता ते कुणालाही देत नाहीत, सख्ख्या मेहुण्यालाही दिला नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणाऱ्याला त्यांनी एकदा ग्रुपवर असं काही सुनावलं की तो माणूस आता फक्त फुलपाखरं काढतो.

तर, मागच्या पावसाळ्यातला प्रसंग. वाघूर धरणाच्या फुगवट्याकडे जाणाऱ्या पाणंदीच्या कडेला एक विहीर आहे. विहिरीवर झुकलेली बाभूळ, आणि बाभळीला सुगरणींची वसाहत. सुगरण हे नाव मादीचं असलं तरी घरटं नर विणतो. आधी शिरस्त्राणासारखा अर्धा भाग विणून ठेवतो, उलटा लटकतो, पंख फडफडवून ओरडतो. मादी येते, आत डोकावते, गाठी ओढून बघते. पसंत पडलं तर पुढचं काम, नाही पडलं तर ती उडून जाते आणि नर दुसरं विणायला घेतो. सर तास-तास हे पाहत बसतात. त्या मादीविषयी त्यांना आदर आहे. एवढ्याशा जिवाचा निर्णय दोन-चार मिनिटांत होतो.

त्या सकाळी पाऊस कोसळू लागला. काळ्या मातीचा चिखल असा की दहा पावलांत बुटाचं वजन लेन्सएवढं. स्टँडचा एक पाय चिखलात रुतून बसला तो निघेना. छत्री वाऱ्याने उलटी झाली. कॅमेऱ्यावरची हॉटेलातली शॉवर कॅप उडाली ती सरळ विहिरीत. सर कॅमेरा शर्टात घालून बाभळीखाली पाठमोरे वाकून उभे राहिले. बाभळीखाली पाऊस कमी लागत नाही, फक्त काटे जास्त लागतात.

शेताचा मालक बांधावरून येत होता. डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ, म्हणजे गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली टोपी, पाठीवर तिचाच पदर. माणूस कोरडा ठणठणीत.

"सर, डबा शर्टात अन् तुम्ही पान्यात?"

"कॅमेऱ्यात पाणी गेलं तर संपलं, भाऊ."

त्याने शर्टातला फुगवटा पाहिला, थोडा विचार केला, झोपडीत गेला, दुसरी गोणी घेऊन आला. विळ्याने तिच्या बुडाला एक गोल काढला, एका बाजूला हाताएवढी चीर दिली. "पंचेचायीस किलोची हाये. तुमच्या डब्याले पुरीन."

पुरली. गोल भोकातून लेन्सचं तोंड बाहेर, चिरेतून सरांचा हात आत, उरलेली गोणी सरांच्या डोक्यावर. वहीत पावसाच्या रकान्यात जितक्या वस्तूंपुढे 'चालेल पण' लिहिलं होतं, त्या सगळ्यांपेक्षा ही सरळ होती. समोर नर सुगरण अर्ध्या घरट्याला धरून बसला होता. डोक्यावरची पिवळी पिसं भिजून उभी राहिलेली, मागे उसाची गर्द हिरवी भिंत. सरांनी शटर साठाव्या हिश्श्यावर आणलं, श्वास धरला, आणि त्या तात्पुरत्या 70-300ने चौदा फोटो काढले. तेरा हलले. चौदाव्यात पावसाच्या सरळ रेघा, आणि त्यांच्यात तो पक्षी डोळा उघडा ठेवून शांत बसलेला.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर गेला. एरवी अंगठा देणाऱ्यांनी हात जोडले. सोनीवाल्यांनी स्वतःचा फोटो टाकायचं काही तास पुढे ढकललं. आणि मग अपेक्षित प्रश्न: "सर, अप्रतिम! लेन्स कोणती?"

सरांनी उत्तर दिलं: "युरिया, 45 किलो."

एकाने विचारलं, जळगावात कुठे मिळेल. दुसऱ्याने विचारलं, निकॉनला बसते का.

या फोटोनंतर सरांचा लेन्सचा शोध संपला असं कुणाला वाटलं असेल तर त्याने सरांना ओळखलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी वहीत नवा रकाना निघाला: 'गोणीत मावते का'. त्यामुळे लांब, जड अशा तीन लेन्स बाद झाल्या आणि आधी बाद झालेल्या दोन परत आल्या. ओलिंपसच्या घराण्यातला ओएम-1 हा कॅमेरा तर पाऊस-धुळीसाठी आयपी-53 असा रीतसर दाखला घेऊन 2022 मध्येच बाजारात आलाय, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं. म्हणजे आता चौथं घराणं. सर आठवडाभर जेवताना गप्प होते.

वहीची डावी पानं मात्र वेगळी आहेत. ती सर कुणाला मुद्दाम दाखवत नाहीत. तिथे किमती नाहीत, रकाने नाहीत. नुसत्या तारखा आहेत. पावशा पहिल्यांदा ओरडला तो दिवस, पहिला चातक दिसला तो दिवस, भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला तो दिवस. चातक आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो. 2020 साली देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांच्या पाठीवर दोन ग्रॅमच्या आसपास वजनाची उपग्रहयंत्रं बसवली. एकाचं नाव मेघ, दुसऱ्याचं चातक. ही बातमी सरांनी कापून डाव्या पानावर चिकटवली आहे आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय: '2 ग्रॅम!' उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं. जामनेरच्या चातकाच्या इतक्या वर्षांच्या सलग तारखा आणखी कुणी लिहून ठेवल्याचं ऐकिवात नाही. फोटो त्यातल्या एकाही तारखेचा धड नाही. ई-बर्डसारख्या इंटरनेटवरच्या नोंदवहीला फोटो लागतोच असं नाही, तारीख-ठिकाण-पक्षी पुरतं, हे ग्रुपमधल्या एका पोरीने त्यांना दाखवून दिलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने आणि सरांनी मिळून ती डावी पानं संगणकावर चढवायला घेतली. निम्मी झाली आहेत. उजवी पानं चढवायला तिने नकार दिला.

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कुणाकडे जुनी 200-500 किंवा 150-600 विकायला असेल, बुरशी नसलेली, पेटीबिलासह, तर सरांना जरूर फोन करावा. ते ती घेणार नाहीत. पण दोन तास सगळं समजावून सांगतील, आणि शेवटी तुमच्याकडे यंदा पहिला चातक कोणत्या तारखेला दिसला हे विचारतील. ते मात्र नक्की सांगा. डाव्या पानावर जागा आहे.